एका हौशी खेळाडूची साधना

‘हौशी’ ह्या शब्दाला आपल्या भाषेत थोडा अन्यायच झाला आहे. हौशी नट, हौशी गवई, हौशी चित्रकार असे म्हटले की ऐकणाराच्या मुद्रेवर एक क्षमाशील हसू उमटते. ज्यास नीट येत नाही, पण ज्याची हौस मात्र दांडगी, तो हौशी, अशी त्या शब्दाची व्याख्या आपण करून ठेविली आहे. परंतु हौस म्हणजे प्रीतीच होय. आणि प्रीतीने केलेल्या कामास पोटासाठी केलेल्या कामापेक्षा कमी श्रम पडतात, असे मानण्यास कोठे आधार नाही. उलट पोटासाठी राबणारास दिवस मावळला म्हणजे सुटी तरी मिळते. हौसेचा धनी आपण स्वतःच असल्यामुळे तो सुटी देतच नाही. ह्या शब्दाची गेलेली पत ज्याच्या चरित्राने परत यावी अशा एका हौशी खेळाडूची कथा आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे नाव रॉबर्ट टायर जोन्स; जग त्यास बॉबी जोन्स ह्या नावाने ओळखते, आणि त्याचा खेळ गोल्फ.

गोल्फ आपल्या देशास नवा नाही. कलकत्त्यास १८२९ साली व मुंबईस १८४२ साली गोल्फचे क्लब निघाले. परंतु दीर्घकाळ तो साहेबांच्या व संस्थानिकांच्या कुंपणाआडच राहिला. त्यामुळे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असलाच तर दुरून पाहिला असेल. त्याचे स्वरूप थोडक्यात असे : विस्तीर्ण कुरणावर दूरदूर अशी अठरा भोके केलेली असतात, त्यांस ‘होल’ म्हणतात. एक लहानसा कठीण चेंडू काठीच्या टोल्यांनी एकामागून एक ह्या अठरा होलांत घालावयाचा, आणि तो कमीत कमी टोल्यांत घालावयाचा. प्रत्येक होलास निपुण खेळाडूला किती टोले लागावेत ह्याचा एक ठराविक आकडा असतो. त्यास ‘पार’ असे नाव आहे. लहानपणी गोटी गलीत घालताना ज्याचा हात थरथरला असेल, त्यास ह्याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

दिसावयास खेळ इतका सोपा. परंतु त्याची एक खुबी विलक्षण आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला तर गोलंदाजाच्या कौशल्यावर बोट ठेविता येते. कुस्तीत तर प्रतिपक्षी अंगावरच येतो. गोल्फमध्ये चेंडू निमूटपणे पायाशी पडलेला असतो; कोणी तो फेकीत नाही, कोणी अडवीत नाही. प्रतिस्पर्धी बाजूस हात बांधून उभा असतो. टोला चुकला तर दोष देण्यास आपल्यावाचून कोणी उरतच नाही. म्हणूनच मोठमोठ्या शांत गृहस्थांस ह्या खेळात जितका संताप येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. आणि म्हणूनच ह्या खेळात सुधारणा करणे म्हणजे हात सुधारणे की मन सुधारणे, हा प्रश्न आरंभापासूनच उभा राहतो. जोन्सचे चरित्र हे ह्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

जोन्सचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानातील अटलांटा शहरी झाला. वडील वकील, घरची स्थिती चांगली. मुलगा मात्र इतका अशक्त, की पहिली काही वर्षे त्यास जड अन्न पचत नसे. हवापालट व्हावा म्हणून कुटुंब उन्हाळ्यात शहराबाहेर ईस्ट लेक येथे राहावयास गेले, आणि तेथे गोल्फचे मैदान अगदी दाराशी होते. मैदानावर स्टुअर्ट मेडन नावाचा, कार्नूस्टी ह्या गावाहून आलेला, एक मितभाषी स्कॉटिश धंदेवाईक खेळाडू शिक्षक म्हणून असे. बॉबीस त्याने रीतसर धडे दिले नाहीत. मुलगा त्याच्यामागून मैदानभर चाले, तो काठी कशी उचलतो, कशी फिरवितो ते पाही, आणि घरी येऊन तसेच करी. एकलव्याची गोष्ट आपल्याकडील मुलांस पाठ असते. येथे फरक इतकाच की गुरू मातीचा नव्हता, आणि त्याने पुढे अंगठाही मागितला नाही. पाहून पाहून अंगात मुरलेली ती विद्या इतकी पक्की झाली, की काठीचा तो संथ, अखंड फेरा जोन्सला जन्मभर पुरला.

चौदाव्या वर्षी, १९१६ साली, हा मुलगा फिलाडेल्फियाजवळील मेरियन येथे अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि दोन सामने जिंकून आदल्या वर्षीचा विजेता रॉबर्ट गार्डनर ह्याच्याकडून हरला. वर्तमानपत्रांनी ह्या बालवीराची वाहवा केली. पण ती वाहवा करणारांच्या दृष्टीस आणखी एक गोष्ट पडली होती. टोला बिघडला की हा मुलगा काठी फेकून देई. ह्या स्पर्धेतील त्याचा एक वयस्क प्रतिस्पर्धीही तसाच शीघ्रकोपी निघाला. आणि दोघांनीही काठ्या फेकल्याची हकीकत पुढे जोन्स स्वतःच हसत सांगे.

ह्यानंतरची सात वर्षे मोठी चमत्कारिक गेली. जोन्सची हातोटी सर्वांहून सरस होती असे जाणते लोक म्हणत. आणि तरीही एकही राष्ट्रीय अजिंक्यपद त्यास मिळाले नाही. १९१९ साली तो हौशी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरला. १९२२ साली खुल्या स्पर्धेत एका टोल्याने मागे राहिला. त्याचा मित्र व चरित्रलेखक, अटलांटाचा पत्रकार ओ. बी. कीलर, ह्याने बायबलातील दुष्काळाच्या कथेवरून ह्या काळास ‘सात रोड वर्षे’ असे नाव दिले.

ह्या वर्षांतील दोन प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिला १९२० सालचा. अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अठरा वर्षांच्या जोन्सला हॅरी व्हार्डनबरोबर खेळण्याचा योग आला. ब्रिटनची खुली स्पर्धा सहा वेळा जिंकलेला व्हार्डन तेव्हा पन्नाशीस आला होता. एका होलाशी जोन्सने एक अगदी सोपा टोला असा काही बिघडविला, की चेंडू जमिनीलगत घरंगळत हिरवळीच्या पलीकडे गेला. ओशाळलेल्या पोराने वडीलधाऱ्यास विचारले, ह्याहून वाईट टोला आपण कधी पाहिला आहे काय? व्हार्डनने उत्तर दिले, ‘नाही.’ इतकेच. आमच्या मते त्या एका शब्दात पुष्कळ शिकवण होती. टोला वाईट होता. तो होऊन गेला. त्याविषयी बोलण्यासारखे आणखी काही नाही. पण हे समजण्यास जोन्सला आणखी काही काळ लागावयाचा होता.

दुसरा प्रसंग १९२१ सालचा, आणि तो घडला स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे. गोल्फ खेळणारांस सेंट अँड्र्यूज म्हणजे वारकऱ्यास पंढरपूर. तेथील मैदान समुद्राकाठचे, उंचसखल, वाऱ्याच्या तोंडी दिलेले, आणि जागोजाग वाळूच्या खोल खळग्यांनी भरलेले. जोन्स तेथे प्रथमच ब्रिटनच्या खुल्या स्पर्धेत उतरला होता. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलांस शेहेचाळीस टोले लागले, दहाव्यास सहा, आणि अकराव्यास चेंडू वाळूच्या खळग्यात जाऊन बसला. एकोणीस वर्षांच्या त्या तरुणाचा धीर सुटला. त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धेतून अंग काढून घेतले. ज्या गावी खेळ अर्धवट टाकणे हे जवळजवळ पातकच समजतात, त्याच गावी हे घडले. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने रागाने फेकलेली काठी उसळून एका प्रेक्षक स्त्रीच्या पायास लागली. आणि स्वभावास आवर घालता येत नसेल तर आमच्या स्पर्धांत येऊ नकोस, अशी लेखी ताकीद त्यास गोल्फ-संघटनेच्या चालकांकडून मिळाली.

षड्रिपूंमध्ये क्रोधाचा क्रमांक दुसरा लागतो. पण इतर रिपू निदान काही सुखाचे आमिष तरी दाखवितात, क्रोध तेही दाखवीत नाही. जोन्स हा बुद्धिमान होता. त्याने यंत्रशास्त्राची पदवी घेतली, नंतर हार्वर्ड येथे इंग्रजी वाङ्मयाची घेतली, व पुढे कायद्याचा अभ्यास करून वकिलीची परीक्षा दिली. अशा मनुष्यास आपल्या अपयशाचे कारण कळले नाही असे होणे शक्य नव्हते. त्याने हळूहळू जे शोधून काढले ते असे : आपण ज्याच्याशी खेळतो तो समोरचा मनुष्य आपला प्रतिस्पर्धी नव्हेच. खरा प्रतिस्पर्धी ‘पार’. त्याने ह्या पारास एका म्हाताऱ्याचे रूप दिले. हा म्हातारा कधी चमत्कार करीत नाही आणि कधी गाढवपणाही करीत नाही. तो रागावत नाही, हुरळत नाही. ठरलेल्या टोल्यांत प्रत्येक होल पुरा करून तो शांतपणे पुढे चालू लागतो. त्याच्या जोडीने जो चालेल, त्यास बाकीच्यांची चिंता करण्याचे कारण नाही. गोल्फ हा मुख्यत्वे दोन कानांमधील साडेपाच इंचांच्या मैदानावर खेळला जातो, असा जो त्याच्या नावावर विनोद सांगतात, त्याचे तात्पर्यही हेच होय.

१९२३ साली न्यूयॉर्कनजीक इनवुड येथे पहिले फळ आले; पण तेही सुखासुखी नव्हे. हातात आलेली खुली स्पर्धा अखेरच्या तीन होलांत चार टोले अधिक खर्चून त्याने जवळजवळ घालविली, व बॉबी क्रुकशँक ह्या चिवट स्कॉटिश खेळाडूशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत सतरा होलांनंतरही बरोबरीच. अठराव्या होलाशी हिरवळीच्या अलीकडे पाणी. आणि जोन्सचा चेंडू सुमारे दोनशे यार्डांवर उघड्या, कठीण जमिनीवर पडलेला. पाण्याच्या अलीकडे थांबणे हा सुरक्षित मार्ग होता. त्याने फारसा विचारही न करता लोखंडी काठी काढली आणि टोला मारला. चेंडू पाणी ओलांडून होलाच्या अगदी जवळ जाऊन स्थिरावला. सात वर्षांचा दुष्काळ त्या टोल्याने संपला.

तथापि अजिंक्यपद मिळाले म्हणून शिकणे थांबले नाही, ही गोष्ट आम्हांस त्या टोल्याहूनही महत्त्वाची वाटते. हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलून होलात घालण्याची कला, जीस ‘पटिंग’ म्हणतात, ती त्याची दुबळी बाजू होती. १९२४ साली त्याने वॉल्टर ट्रॅव्हिस ह्या वृद्ध खेळाडूकडून ती नव्याने समजावून घेतली. हा ट्रॅव्हिसही हौशीच. चौतिसाव्या वर्षापर्यंत त्याने काठीस हातही लावला नव्हता. पुस्तके वाचून व एकट्याने सराव करून तो शिकला, आणि चार वर्षांत अमेरिकेचा हौशी विजेता झाला. त्याने जोन्सला दोन्ही पाय अगदी जवळ आणून उभे राहावयास व काठी निराळ्या रीतीने धरावयास सांगितले. राष्ट्रीय विजेत्याने उभे कसे राहावे हे पुन्हा मुळाक्षरांपासून शिकणे, ही नम्रता सोपी नव्हे.

दुसरा धडा १९२६ च्या आरंभी मिळाला. वॉल्टर हेगन ह्या नामांकित धंदेवाईक खेळाडूशी फ्लॉरिडात बहात्तर होलांचा सामना ठरला, आणि त्यात जोन्सचा दारुण पराभव झाला. हेगनचे टोले पुष्कळदा आडरानात जात. पण तेथून तो हसतमुखाने चेंडू बाहेर काढी आणि होल जिंकून पुढे जाई. प्रत्येक फेरीत आपल्या हातून सातएक चुका व्हावयाच्याच, असे तो धरूनच चाले. मग एखादी झाली तर तीत आश्चर्य कसले आणि संताप कसला? निर्दोषपणाचा हव्यास धरणाऱ्या जोन्सला ह्या बेफिकीर गृहस्थाने जे दाखविले ते कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. त्याच वर्षी जोन्सने ब्रिटन व अमेरिका ह्या दोन्ही देशांच्या खुल्या स्पर्धा जिंकल्या. एका वर्षात हे दोन्ही साधणारा तो पहिलाच.

ह्या दोन धड्यांच्या मध्ये, १९२५ साली, वूस्टर येथील खुल्या स्पर्धेत एक लहानशी गोष्ट घडली. उंच गवतातील चेंडूस टोला मारण्यापूर्वी काठी लावून उभे राहताना चेंडू किंचित हलला. कोणीही ते पाहिले नाही; सोबत्याने नाही, पंचांनी नाही. जोन्सने स्वतः होऊन सांगितले की चेंडू हलला आहे, आणि आपल्या नावावर दंडाचा एक टोला चढवावयास लाविले. स्पर्धेच्या अखेरीस विली मॅकफार्लेन ह्याच्याशी त्याची बरोबरी झाली, आणि छत्तीस होलांच्या निर्णायक झुंजीत तो एका टोल्याने हरला. तो दंड नसता तर स्पर्धा आधीच त्याची झाली होती. लोकांनी स्तुती केली तेव्हा ती त्यास रुचली नाही. बँक लुटली नाही म्हणून एखाद्याची पाठ थोपटण्यासारखेच हे आहे, असे तो म्हणाला. काठी फेकणारा मुलगा आणि हा दंड मागून घेणारा तरुण ह्यांच्यात अवघ्या चार वर्षांचे अंतर आहे. सुधारणा हा शब्द आम्ही कोणत्या अर्थाने वापरतो ते येथे वाचकांच्या ध्यानी यावे.

१९२७ साली जोन्स पुन्हा सेंट अँड्र्यूजला गेला. सहा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर त्याने हार पत्करून पाठ फिरविली होती, तेथेच त्याने चार फेऱ्या २८५ टोल्यांत पुऱ्या करून सहा टोल्यांच्या अंतराने खुली स्पर्धा जिंकली. चषक अमेरिकेस न नेता तो येथेच क्लबात राहू द्यावा, अशी त्याने विनंती केली, तेव्हा जमलेल्या स्कॉटिश लोकांनी मैदान दुमदुमून सोडले. ज्या मैदानाचा आपण अपमान केला त्याची ती भरपाई होती. त्याच सुमारास अटलांटाच्या चाहत्यांनी घर घेण्यासाठी पन्नास हजार डॉलर्स जमवून दिले. ह्यामुळे हौशीपणास बाध येतो असे संघटनेचे मत पडताच त्याने ती रक्कम परत केली.

१९३० हे वर्ष तर इतिहासातच जमा झाले. ब्रिटनची हौशी व खुली, आणि अमेरिकेची खुली व हौशी, अशा चारही स्पर्धा त्याने एका वर्षात जिंकल्या. शेवटची सप्टेंबरात त्याच मेरियनला, जेथे चौदा वर्षांपूर्वी तो चौदा वर्षांचा मुलगा म्हणून आला होता. पत्रकारांनी ह्या चार विजयांस अभेद्य चौकोन म्हटले. १९२३ पासून एकंदर तेरा अजिंक्यपदे झाली होती. आणि मग नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली.

जगास आश्चर्य वाटले; पण जवळच्यांस वाटले नाही. क्रोध जिंकला ह्याचा अर्थ तो मेला असा नव्हे. तो आत वळला होता. स्पर्धेच्या दिवसांत जोन्सच्या गळ्याखाली घास उतरत नसे. एकेका स्पर्धेत त्याचे वजन दहा-बारा पौंडांनी घटे. बाहेरून जो शांत दिसे तो आतून जळत असे. मनोनिग्रहाचे हे मोल चरित्रकार सहसा सांगत नाहीत. पण ते न सांगता केलेली स्तुती खोटी ठरेल. निवृत्तीनंतर त्याने गोल्फ शिकविणारे चित्रपट केले व त्याचे पैसेही घेतले. हौशीपणा सोडला तोही उघडपणे सोडला, आडून नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. हौशीपणाचे वैभव सर्वांच्या वाट्यास येत नाही. बॉबीच्या दाराशी मैदान होते. त्याच शहरातील काळ्या वर्णाच्या मुलांस मैदानावर जावयाचे झाले तर दुसऱ्याच्या काठ्यांचे ओझे वाहण्यापुरते जाता येई. जोन्सचेच नाव दिलेल्या अटलांटाच्या सार्वजनिक मैदानावर १९५१ साली एका काळ्या कुटुंबास खेळू दिले नाही. त्यांनी न्यायालयाची वाट धरली, आणि १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती भिंत पाडली. ऑगस्टा येथे जोन्सने पुढाकार घेऊन उभारलेल्या क्लबाच्या प्रसिद्ध स्पर्धेत पहिला काळा खेळाडू, ली एल्डर, १९७५ साली उतरला. त्या भिंती जोन्सने बांधल्या नव्हत्या. पण त्याने त्या पाडल्याही नाहीत. ज्याने आपल्या मनातील शत्रू इतक्या नेटाने शोधला, त्यास दाराबाहेर उभी असलेली मुले मात्र दिसली नाहीत. हे शल्य त्याच्या चाहत्यासही टोचल्यावाचून राहू नये.

शेवटचा सामना राहिला होता. १९४८ साली जोन्सच्या हातापायांतील शक्ती कमी होऊ लागली. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोकळी वाढत जाणारा असा तो दुर्धर रोग होता. शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. आधी काठीचा आधार, मग कुबड्या, आणि अखेर चाकांची खुर्ची. ज्या हातांच्या लयीस जगाने वाखाणले त्यांस पुढे लेखणीही नीट धरवेना. गोल्फचा मूळ नियम असा आहे की चेंडू जेथे पडला असेल तेथूनच खेळावा. जागा वाईट म्हणून तो हलवू नये. आपल्या रोगाविषयी मित्रांनी हळहळ केली तेव्हा जोन्सने ह्या नियमाचेच स्मरण दिले, असे सांगतात. वाळूच्या खळग्यातून चेंडू उचलून घेणारा १९२१ चा तरुण आता तेवीस वर्षे अशाच एका खळग्यातून खेळत राहिला. ह्या वेळी त्याने चेंडू उचलला नाही.

१९५८ च्या ऑक्टोबरात सेंट अँड्र्यूजने त्यास आपले मानद नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिलाच अमेरिकन. सभागृहात तो कष्टाने उभा राहिला आणि बोलला. आयुष्यातून बाकी सर्व काढून घेतले व सेंट अँड्र्यूज येथील अनुभव तेवढे ठेविले, तरी आपले जीवन समृद्धच म्हणावे लागेल, असे त्याने सांगितले. आणि तो निघाला तेव्हा लोकांनी उभे राहून एक जुने निरोपगीत म्हटले. १८ डिसेंबर १९७१ रोजी त्याचे निधन झाले. त्या मैदानाच्या दहाव्या होलास आता त्याचे नाव आहे. ज्या होलास त्याने १९२१ साली सहा टोले खर्चिले, आणि ज्याच्या पुढच्याच होलाशी त्याने धीर सोडला, तोच हा होल.

आमच्या घरांतून मुलांस परीक्षेतील गुण विचारण्याची रीत आहे. हरल्यावर तू काय केलेस, असे सहसा कोणी विचारीत नाही. जोन्सच्या तेरा अजिंक्यपदांची यादी कोणासही पाठ करिता येईल. पण त्याच्या आधीची ती सात रोड वर्षे ज्यास समजली, त्यासच ती यादी वाचता आली असे आम्ही म्हणू.